दीड तासाचे विमान, साडेसात तासांची वाट

मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. विमानाला दीड तास पुरतो. रेल्वेने रात्र जाते. नागपूरच्या विमानतळाला २००५ साली बाबासाहेबांचे नाव मिळाले, ही अभिमानाची गोष्ट. पण जव्हार तालुक्यातील साखरशेतच्या माणसाने नुसते तिकिटावरचे तास मोजू नयेत. गावापासून मुंबईचे विमानतळ शंभरावर किलोमीटर दूर. एसटी, लोकल, रिक्षा मिळून चार तास धरावेत. सामान देण्याची खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, म्हणून दोन तास आधी पोहोचावे. एकूण झाले साडेसात तास! मुलाखतीला निघालेल्या मुलामुलींनो, विमान सकाळचे असेल तर आदल्या संध्याकाळीच मुंबईतल्या नातेवाइकांकडे मुक्काम करा. विमान चुकले तर आईबापांच्या घामाचा पैसा जातो आणि नोकरीची संधीही.