पडदा गोठला? बटण दाबण्याआधी दुसरा कन्सोल उघडा

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचा पडदा ऐन कामाच्या वेळी गोठतो, माउस हलेनासा होतो आणि बहुतेकांचा हात थेट वीजबटणाकडे जातो. तसे केले की न साठवलेला मजकूर हमखास नष्ट होतो. वास्तविक अशा वेळी अनेकदा प्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, व्यवस्थित चालू असतो. अडकलेला असतो तो एखादा प्रोग्राम किंवा वरचा चित्रमय थर. या थराला वळसा घालून आत शिरण्याची सोय म्हणजे आभासी कन्सोल.

पूर्वी एकाच मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनल जोडलेली असत व प्रत्येकापुढे वेगळा माणूस बसे. आभासी कन्सोलने तीच व्यवस्था एका पडद्यावर आणि एका कळफलकावर आणली. टेलिटाइप यंत्रावरून आलेले ‘टीटीवाय’ हे नाव आजही टिकून आहे. लिनक्सचा कर्नल असे ६३ कन्सोल हाताळू शकतो. नेहमीच्या वापरात सहा पुरेसे होतात.

कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्या की तिसरा कन्सोल उघडतो. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही दाबावी लागते. काळ्या पडद्यावर वापरकर्त्याचे नाव विचारले जाते, मग पासवर्ड. तो टंकताना पडद्यावर ताराही उमटत नाही; कळफलक बंद पडला असे समजून घाबरू नये. आत गेल्यावर ‘टॉप’ ही आज्ञा दिली की कोणता प्रोग्राम प्रोसेसर वा मेमरी गिळतो आहे ते दिसते. त्याचा क्रमांक टिपून घ्यावा, ‘क्यू’ दाबून बाहेर यावे आणि ‘किल’ आज्ञेपुढे तो क्रमांक द्यावा. मग कंट्रोल-आल्टसह एफ-१ किंवा एफ-२ दाबून परतावे. जुन्या वितरणांत चित्रमय पडदा सातव्या क्रमांकावर असे. दोषी प्रोग्राम तेवढा बंद होतो, इतर खिडक्यांतील काम वाचते. कर्नलच ठप्प झाला असेल तर मात्र या कळांचाही उपयोग नाही.

मराठी वापरकर्त्यांना येथे एक अडचण येते. या कन्सोलच्या फाँटमध्ये फार तर ५१२ चिन्हे मावतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची यंत्रणाच नसते. त्यामुळे देवनागरीत नाव दिलेल्या फाइली तेथे वाचता येत नाहीत. फाइलींची नावे मराठीत खुशाल ठेवावीत, पण वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड रोमन लिपीतच असावेत. नाहीतर ऐन वेळी दारातच अडकायला होईल.

कन्सोलची संख्या बदलता येते. सिस्टमडी वापरणाऱ्या वितरणांत ‘लॉगइंड.कॉन्फ’ या फाइलीत ‘एन-ऑटो-व्हीटीज’ हा आकडा मुळात सहा असतो. तो कमी करून मेमरी वाचवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, परंतु तो जुन्या काळातला आहे. तेव्हा प्रत्येक कन्सोलसाठी संगणक सुरू होतानाच एक प्रक्रिया उभी राहत असे. आता कन्सोल उघडेपर्यंत ती सुरूच होत नाही. शिवाय इतर सर्व व्यापलेले असले तरी एक दार मोकळे राहावे म्हणून सहावा कन्सोल राखून ठेवलेला असतो. त्याला हात न लावणेच शहाणपणाचे. फ्रीबीएसडीमध्ये हेच काम ‘टीटीवायएस’ नावाच्या फाइलीत होते. तेथे प्रत्येक कन्सोलसाठी एक ओळ असते आणि तीत तो चालू की बंद ते लिहिलेले असते.

शाळेतील किंवा सायबर कॅफेतील सामायिक संगणकावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. चित्रमय पडद्याला कुलूप घातल्याने मजकुरी कन्सोल बंद होत नाही. तेथे प्रवेश करून तसेच उठून गेल्यास मागून येणारा कोणीही तीच कळ दाबून सगळ्या फाइली चाळू शकतो. म्हणून काम संपताच ‘एक्झिट’ लिहून एंटर दाबावे, पुन्हा नाव विचारणारी ओळ दिसेपर्यंत थांबावे आणि मगच चित्रमय पडद्याकडे परतावे.