डोळ्याआधी कान

‘डिजिटल अंगणवाडी’ म्हणजे भिंतीवर टीव्ही, हे समीकरण देणगीदारापासून जिल्हा परिषद सदस्यापर्यंत सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. फीत कापली जाते, पडद्यावर हत्ती गाणं म्हणतो, मुलं आ वासून बघतात, फोटो निघतो. पावसाळ्यात टीव्हीवर प्लास्टिक चढतं आणि बहुधा पुढचा पाहुणा येईपर्यंत उतरत नाही. अंगणवाडीच्या ताईला काम एकच, रिमोट सांभाळायचा.

दुसऱ्या टोकाला आमच्याच गोतावळ्यातली सोवळी मंडळी. त्यांच्या मते बालवाडीच्या उंबऱ्याआत यंत्र येताच कामा नये. माती, पाणी, चिंचोके एवढं पुरे. वर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा दाखला द्यायला ही मंडळी विसरत नाहीत. पण या दोघींनी 1945 साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काय केलं? माँटेसरी साधनं महाग होती, पाड्यावर परवडणारी नव्हती. त्यांनी ती मोडीत काढली नाहीत. त्यांतलं तत्त्व ठेवलं आणि शिंपल्या, बिया, खडे, पानं यांतून साधनं उभी केली. माँटेसरी साधनं म्हणजे त्या काळातलं परदेशी तंत्रज्ञानच. साधन कशासाठी हे ताईला उमगलं, की ते कशाचं करायचं हे ती स्वतः ठरवते. कोसबाडचा वारसा सांगणाऱ्यांनी चिंचोके तेवढे उचलले.

सरकारी इतिहास झटपट उरकते. 1975 साली एकात्मिक बालविकास सेवा योजना आली. 2020 चं शैक्षणिक धोरण, 2022 चा पायाभूत स्तराचा आराखडा, 2023 चा ‘जादुई पिटारा’ हा खेळसाहित्याचा संच आणि पुढच्या वर्षी त्याचं मोबाईलमधलं रूप. कागद उत्तम आहेत. मधल्या काळातल्या एका गोष्टीपाशी मात्र थांबायलाच हवं. पुण्यात 1984 साली ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. मराठी मुलांसाठी मराठी माणसांनी कार्यक्रम करायचे, यासाठी एक अख्खी संस्था! तिचा रोख बालवाडीपेक्षा शाळेवर अधिक होता, पण तिथे माणसं तयार झाली होती. 2017 साली ती बंद केली. आज जी मंडळी ‘मराठीत चांगला आशय नाही हो’ म्हणून उसासे टाकतात, त्यांपैकी कितीजणांनी तेव्हा तोंड उघडलं होतं?

माझा जीव अडकला आहे तो आवाजात. रेडिओवर, टेपवर आणि आता फोनच्या रेकॉर्डरवर. 1970च्या दशकात निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवण्याचा एक प्रकल्प झाला. त्याची सगळी करामत एका साध्या गोष्टीत होती. रेडिओ प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचा. त्या मोकळ्या क्षणांत मुलं उत्तर द्यायची, मग रेडिओ पुढे जायचा. झांजिबारमध्ये पुढे याच पद्धतीनं बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी कार्यक्रम झाले. आपल्याकडे पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसनं इंग्रजीचे रेडिओपाठ याच धर्तीवर केले. यातली गोम अशी, की कार्यक्रम मुलांसाठी आहे असं वाटतं, पण शिकत असते ताई. प्रश्न कसा टाकायचा, कुठे थांबायचं, मुलांना कधी उठवून नाचवायचं, हे ती मुलांबरोबर रोज ऐकते. हॉलमधल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात, प्रोजेक्टरच्या अंधारात डुलक्या घेत, हे कुणालाच येत नाही.

म्हणून तायांबरोबर काम करणाऱ्या आमच्या गटात आम्ही पहिल्यापासून ताईच्या हातात रेकॉर्डर दिला. आधी कॅसेटचा होता, आता फोन आहे. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, म्हणजे मध्येच नणंदेचा कॉल येत नाही. सतरंजीवर मुलांच्या मध्ये पालथा ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि अर्धा तास विसरून जायचं. दुपारी मुलं घरी गेली की ताईनं एकटीनं ऐकायचं आणि ऐकून झालं की पुसून टाकायचं. ते रेकॉर्डिंग पर्यवेक्षिकेला द्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. त्यावरून माझे अधिकाऱ्यांशी खटके उडाले, अजून उडतात.

ताईला काय ऐकू येतं? बहुतेक वेळा स्वतःचाच आवाज. ‘हा रंग कुठला? लाल! म्हणा, लाल!’ प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मुलाला श्वास घ्यायलाही जागा नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं 1970च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारीही बोलू लागतात. हे मी व्याख्यानात सांगितलं तर ताया मान डोलावतात आणि तसंच चालू ठेवतात. स्वतःचं ‘म्हणा, लाल’ एकदा कानावर पडलं, की दुसऱ्या दिवशी प्रश्नानंतर ओठ मिटून थांबलेली ताई मी पाहिली आहे. पटण्याजोगं तंत्रज्ञान मला आजवर एवढंच सापडलं.

डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरची गोष्ट सांगते. ताई घाटावरची, मुलं वारली बोलणारी. मदतनीस पाड्यावरचीच, पण तिचं काम खिचडी शिजवणं आणि मुलांना घरून गोळा करणं. आम्ही तिच्या सासूची एक गोष्ट वारलीतून रेकॉर्ड केली. फोन स्टीलच्या डब्यात ठेवून लावला, आवाज मोठा येतो. जूनपासून तोंडातून शब्द न काढलेली एक पोरगी गोष्ट निम्मी होण्याआधीच उभी राहिली आणि पुढे काय होतं ते सांगू लागली. तिला ती गोष्ट पाठ होती! ताईला एक अक्षर कळेना. तिनं रेकॉर्डिंग थांबवलं आणि मदतनिसीला हाक मारली. त्या दिवसापासून रोज काही वेळ मदतनीस शिकवायची आणि ताई मुलांत बसून शब्द शिकायची. भिंतीवरचा टीव्ही हे करू शकला असता का?

मी आवाजाची कड घेते म्हणून आवाजच सगळं करतो असं मात्र नाही. पॅट्रिशिया कुल यांचा 2003 सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. नऊ महिन्यांची अमेरिकी बाळं समोर बसलेल्या माणसाकडून चिनी भाषेतले ध्वनी शिकली. तेच व्हिडिओवरून शिकली नाहीत आणि नुसत्या ध्वनिफितीवरूनही नाहीत. डब्यात फोन लावून ताई रजिस्टर भरायला बसली, तर टीव्हीत आणि डब्यात फरक राहत नाही. पडद्याबाबत तर हिशेब सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला. जेवताना हातात मोबाईल मिळणाऱ्या पोराचा तो तास घरीच संपलेला असतो. अंगणवाडीच्या वाट्याला शून्य उरतं.

आणि आज ताईच्या हातात फोन आहे तो कशासाठी? 2021 च्या मार्चमध्ये पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप आलं. हजेरी, वजन, उंची, आहारवाटप, आता चेहऱ्याची ओळख. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी निकृष्ट फोन आणि इंग्रजी ॲपला वैतागून फोन परत केले, तेव्हा त्यांना तंत्रज्ञानाचं वावडं आहे अशी मल्लिनाथी काहींनी केली. वावडं कसलं? याच बाया नातवाचा व्हिडिओ कॉल लावतात, बचतगटाचे पैसे फोनवरून पाठवतात. ताई मुलाचं नाव नोंदवते, त्याचं बोलणं नोंदवायला तिला वेळ नाही. पूर्वी कार्यशाळेत ताया ‘आमच्या पोरांनी काल काय म्हटलं माहितीये का’ असं सांगत यायच्या. आता येतात त्या सर्व्हर डाऊन असल्याचं सांगत.

महाराष्ट्रात सुमारे 1 लाख 10 हजार अंगणवाड्या आहेत, तेव्हा तुमच्या गावात एक असणारच. यंदा कुणी देणगीदार तिथे टीव्ही द्यायला निघाला, तर त्याला थांबवा. त्याऐवजी एक बरा स्पीकर मागा, एक मेमरी कार्ड मागा आणि उरलेल्या पैशांत शेजारच्या गावातल्या एखाद्या मुरलेल्या बालवाडीताईचं वर्षभराचं एसटीभाडं आणि मानधन भागवा. तिनं महिन्यातून दोन दिवस यायचं, तुमच्या ताईशेजारी सतरंजीवर बसायचं आणि दुपारी दोघींनी मिळून ऐकायचं. पाटीवर नाव हवंच असेल देणगीदाराला, तर स्पीकरवर चिकटवा.