गाडीतील धूळ अडविणारी घरची जाळी



आता पुष्कळ घरांपुढे बैलगाडीच्या जागी चारचाकी उभी असते. भाजी बाजारात न्यायची, मुलांना तालुक्याच्या शाळेत सोडायचे, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचे, ही सारी कामे तीच करते. पण आपले शिवाररस्ते मुरमाचे. सोयाबीनच्या मळणीचे आणि ऊसतोडीचे दिवस आले की पुढच्या ट्रॅक्टरच्या धुरळ्यात रस्ताही दिसत नाही. काचा बंद केल्या तरी समोरच्या झडपांतून धूळ येतेच, आणि मागे बसलेली मुले खोकत राहतात.

धूळ आत येते कशी?

गाडीतला पंखा पुढच्या काचेच्या बुडाशी असलेल्या फटींतून बाहेरची हवा ओढतो. ही हवा गाळण्यासाठी बहुतेक नव्या गाड्यांत घड्यांचा एक फिल्टर असतो. तो बहुधा डाव्या बाजूच्या सामानाच्या कप्प्यामागे सापडतो. शहरी रस्त्यावर तो वर्षभर टिकतो, पण आपल्याकडे दोन-तीन महिन्यांत तुंबतो. हवा कमी येऊ लागली की काही जण तो काढून फेकून देतात. हे फार चुकीचे आहे. मग सगळी धूळ थंड हवेच्या ओल्या नळ्यांवर बसते, तिचा चिखल होतो, बुरशी धरते आणि गाडीला कुबट वास येतो.

डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात अडते. न दिसणारी मात्र आत जाते. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनहून बारीक कण नाक-घसा ओलांडून पुढे जातात आणि २.५ मायक्रॉनहून बारीक कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात.

दुकानातला फिल्टर धुऊ नये. त्याचे तंतू बसतात आणि बारीक कण खेचून धरणारा विद्युतभारही पाण्याने जातो. म्हणून वारंवार धुता येईल असा साधा फिल्टर घरी करावा.

घड्या कशासाठी?

येथे पुष्कळांची चूक होते. जुन्या फिल्टरच्या जागी नुसते कापड ताणून बसवितात. मग हवेला वाट पुरत नाही आणि पंखा नुसता घरघरतो. समजा जागा २० सेंटिमीटर लांब-रुंद आहे. दर सेंटिमीटरला २ सेंटिमीटर खोल अशी एक घडी घातली, तर २० घड्यांना सुमारे ८० सेंटिमीटर कापड लागते. म्हणजे तेवढ्याच जागेत चौपट कापड बसले. हवा सहज जाते आणि कापड तुंबायलाही वेळ लागतो.

साहित्य

खिडकीला लावतात ती ॲल्युमिनियमची डासजाळी, मऊ मलमल किंवा जुन्या धोतराचे विरलेले कापड, चौकटीसाठी ॲल्युमिनियमची पातळ पट्टी, कडेला लावायला फोमची पट्टी, सुई आणि मजबूत दोरा. कापड तोंडाशी धरून श्वास घ्यावा. दम लागला तर ते जास्त घट्ट विणीचे आहे असे समजावे. सुती कापड पावसाळ्यात लवकर वाळत नाही, म्हणून तेव्हा पातळ पॉलिस्टरच्या जुन्या साडीचे दोन पदर वापरावे.

कृती

१. गाडी बंद करून जुना फिल्टर काढावा. त्यावरील बाणाची दिशा लिहून ठेवावी आणि लांबी, रुंदी, जाडी मोजावी.

२. वरच्या मापाला जाळी ८५ सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद कापावी. कापड सर्व बाजूंनी २ सेंटिमीटर जास्त ठेवून दुहेरी करावे आणि जाळीच्या कडांवर दुमडून शिवावे. एकही सुटा धागा राहू देऊ नये, कारण तो पंख्यात जातो.

३. कापड व जाळी मिळून फूटपट्टीच्या आधाराने पुढे-मागे घड्या घालाव्या. घड्या सरकू नयेत म्हणून आडवे दोन दोरे ओवावे.

४. पट्टीची चौकट वाकवून त्यात घड्या बसवाव्या. पट्टीच्या धारदार कडा आत वळवाव्या.

५. चौकटीच्या आतून-बाहेरून फोमची पट्टी चिकटवावी. बोटभर फट राहिली तरी हवा कापडातून न जाता फटीतूनच जाईल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

६. बसविताना कापड हवा येणाऱ्या बाजूला व जाळी पंख्याच्या बाजूला असावी.

असे दोन नग करावे. एक गाडीत असताना दुसरा धुऊन वाळविता येतो. धुळीच्या दिवसांत दर १५ दिवसांनी काढून आधी झटकावा, मग साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढावा. पिळू नये. सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये. तेल तर मुळीच लावू नये.

काम झाले की नाही हे पाहण्यासाठी झडपेवर पांढरे फडके आठ दिवस बांधावे. फिल्टरच्या आधीचे आणि नंतरचे फडके शेजारी ठेवले की घरातल्या सगळ्यांना फरक कळतो.

हा फिल्टर काय करू शकत नाही?

हे मात्र नीट ध्यानात ठेवावे. आपला कापडी फिल्टर मुरमाची धूळ, भुसा, काडीकचरा अडवितो. धूर आणि अतिबारीक कण तो अडवीत नाही. घरात दम्याचे माणूस असेल तर दुकानातलाच नवा फिल्टर वेळेवर बदलावा.

आणि औषधफवारणीपुढे हे कापड काहीच नाही. ट्रॅक्टरच्या बंद कॅबिनसाठी युरोपात चार वर्ग ठरविले आहेत. दुसरा वर्ग फक्त धूळ अडवितो, तिसरा धूळ व तुषार, आणि औषधाची वाफसुद्धा अडविणारा फक्त चौथा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून घरचा फिल्टर लावला या भरवशावर कोणी फवारणीला बसू नये. औषधाच्या बाटल्या आणि फवारणीचे कपडेही माणसांच्या शेजारी गाडीत ठेवू नयेत.

इंजिनाच्या एअर क्लीनरमध्ये हे कापड घालू नये. तेथे बारीक धूळ आत गेली की सिलिंडर व रिंगा झिजतात आणि खर्च हजारोंत जातो.

धुरळ्याच्या पट्ट्यात आतली हवा आत फिरविणारे बटण लावावे, पण रस्ता चांगला लागताच ते बंद करावे. भरलेल्या गाडीत फार वेळ तीच हवा फिरली की चालकाला गुंगी येते.

आपली ट्रॅक्टरे बहुतेक उघडीच. त्यांच्या चालकाने मळणीला व रोटाव्हेटरला बसताना एन-९५ मास्क बांधावा. तो धुऊ नये, मळला की बदलावा.

एका दुपारचे हे काम आहे. शिवणकाम येणारी मुलगी आणि पत्रा कापू शकणारा मुलगा मिळून ते सहज करतील. मळणी सुरू होण्यापूर्वी करून ठेवावे.