लेसरनंतरचे उरलेले अर्धे काम

मुरुमांच्या खड्ड्यांवर लेसर उपचार झाल्यानंतर काही आठवड्यांनी पालक आमच्या कार्यालयात येतात आणि विचारतात, "चेहरा पूर्वीपेक्षा काळा का दिसतो?" त्यांची चिंता रास्त असते. मुलाचा वा मुलीचा आत्मविश्वास, ठरत आलेले लग्न आणि काटकसरीने जमविलेला पैसा या प्रश्नामागे उभा असतो. म्हणून आमच्या त्वचारोग विभागाच्या साह्याने ही माहिती येथे देत आहोत.

खोल मुरुमांमुळे त्वचेच्या आतील कोलॅजेन नष्ट होते व खड्डा पडतो. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसरने त्वचेत अतिसूक्ष्म, नियंत्रित जखमा केल्या जातात. त्यांमधील त्वचा शाबूत राखली जाते आणि तिच्यातील निरोगी पेशी जखमा भरून काढतात. वरचा थर साधारणतः आठवड्याभरात भरतो. आतील नवे कोलॅजेन तयार होण्यास मात्र कित्येक महिने लागतात. यंत्र केवळ आरंभ करून देते, पुढील काम शरीरालाच करावे लागते.

आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत रंगद्रव्य लवकर उद्दीपित होते. ऊन लागले, खपली ओरबाडली अथवा लिंबू, हळद यांसारखे घरगुती उपाय ओल्या जखमेवर केले, की दाह वाढून काळसर डाग पडतात. ते बहुधा काही महिन्यांत फिके होतात. तथापि ते टाळणे पुष्कळ अंशी घरच्यांच्या हाती असते.

पहिल्या आठवड्यात चेहरा साध्या पाण्याने हलकेच धुवावा, टिपून कोरडा करावा आणि डॉक्टरांनी दिलेल्या मलमाचा पातळ थर लावावा. जखम कोरडी ठेवली की लवकर भरते, हा समज बरोबर नाही. ओलसर राखलेली जखम अधिक वेगाने भरते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले. खपल्या आपोआप गळू द्याव्यात. वाफ, ब्लीच व फेशियल डॉक्टरांनी सांगेपर्यंत वर्ज्य समजावे. बाहेर पडताना छत्री वा रुंद टोपी वापरावी. वरचा थर भरल्यावर किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन लावावे व उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावावे. शेजाऱ्यांनी सुचविलेली गोरेपणाची क्रीम मुळीच लावू नयेत. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते.

वेदना वाढणे, पू, ताप किंवा पाणी भरलेले बारीक फोड दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात यावे. पूर्वी ओठांवर वारंवार फोड येत असल्यास ते उपचारापूर्वीच डॉक्टरांना सांगावे.

आता थोडे हिशेबाविषयी. लेसरचे शुल्क पावतीवर दिसते, म्हणून मदतीच्या अर्जात त्याचा उल्लेख असतो. मलम आणि सनस्क्रीन मात्र दर महिन्याला खिशातून घ्यावे लागते. पैसे कमी पडले की प्रथम तेच बंद होते. मग आपण दिलेल्या देणगीचे फळ उन्हात करपते. यासाठी पुढील काळजीचा खर्च उपचाराच्या रकमेतच धरून साहाय्य मंजूर व्हावे, अशी विश्वस्त मंडळास व देणगीदारांस आमची नम्र विनंती आहे. कुटुंबीयांनी संयम राखावा आणि आपण हा छोटा भार उचलावा, म्हणजे उरलेले अर्धे काम पूर्ण होईल.