जड क्वार्कांची मोजदाद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंधेरीहून मुलुंडकडे जाताना वाटेत लागणाऱ्या पवई तलावाच्या काठी 1958 साली स्थापन झालेली आय. आय. टी. ही संस्था जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेच्या ‘ॲलिस’ प्रयोगात, आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र तेथल्याच ‘सीएमएस’ प्रयोगात सहभागी असूनही, प्रोटॉनांच्या टकरींत उत्पन्न होणाऱ्या जड मेसॉनांची मोजदाद कशी होते याविषयी आपल्या सुशिक्षित वर्गातही भलते समज रूढ आहेत.

प्रोटॉन फुटला की त्याच्या उदरात दडलेला चार्म क्वार्क बाहेर पडतो, हा त्यांतला पहिला. वस्तुतः चार्म क्वार्क हा अखंड प्रोटॉनाहूनही सुमारे एक-तृतीयांशाने, आणि बॉटम क्वार्क तर सुमारे साडेचार पटींनी जड आहे. बहुतेक वेळा दोन प्रोटॉनांतील ग्लुऑन, म्हणजे क्वार्कांना बांधून ठेवणारे कण, एकमेकांवर आदळतात आणि त्यांच्या ऊर्जेतून क्वार्क व प्रतिक्वार्क ही जोडी नव्यानेच जन्मास येते. असा जड क्वार्क हलक्या प्रतिक्वार्काशी जुळला की जड मेसॉन बनतो.

यंत्र त्या मेसॉनाचे जणू छायाचित्रच घेते, हा समज अधिक चिवट आहे. चार्म क्वार्क असलेल्या तटस्थ ‘डी’ मेसॉनाचे आयुष्य सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या निम्म्याहूनही कमी असते, आणि तेवढ्या अवधीत जेमतेम दशांश मिलिमीटरांच्या घरात अंतर कापून तो निर्वात नळीच्या आतच लय पावतो. उपकरणापर्यंत पोहोचतात ते केवळ त्याचे वंशज, म्हणजे उदाहरणार्थ एक कॅऑन आणि एक पायॉन. त्यांच्या संवेगांवरून मूळ कणाचे वस्तुमान काढावयाचे, अशा असंख्य जोड्यांचा आलेख मांडावयाचा, आणि योगायोगाने जुळलेल्या जोड्यांच्या विस्तीर्ण पार्श्वभूमीवर मेसॉनाच्या वस्तुमानापाशी जो उंचवटा दिसेल तेवढाच जमेस धरावयाचा, अशी ही रीत आहे. तीत अमुक जोडी मेसॉनाचीच, असे बोट दाखवून कोणासही सांगता येत नाही. शिवाय शंभरांतले सुमारे चारच मेसॉन या मार्गाने विघटन पावतात, बॉटमपासून उपजलेल्यांची वजावट करावी लागते, आणि उपकरणाच्या नजरेतून किती निसटले याचा अंदाज संगणकीय प्रतिरूपावरून बांधावा लागतो. म्हणून अंतिम आकड्यासोबत येणारी अनिश्चितता ही मोजणीची नामुष्की नव्हे. किंबहुना तिचा तपशील नसलेला आकडा कोणी पुढे केला, तर तो मान्य करू नये.

प्रोटॉनांच्या टकरी म्हणजे शिशाच्या अणुकेंद्रकांच्या टकरींशी तुलना करण्यापुरती पूर्वतयारी, त्यांत नवे काय सापडणार, असेही कित्येकदा ऐकू येते. तुलनेसाठी त्यांचा उपयोग आहेच. परंतु चार्म क्वार्क कोणत्या कणाचे रूप किती प्रमाणात घेतो हे सर्व प्रकारच्या टकरींत सारखेच असते, हे दीर्घकाळ चालत आलेले गृहीतक ‘ॲलिस’ने प्रोटॉनांच्या टकरींतच खोटे ठरवले. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींत ‘लॅम्डा-सी’ या तीन क्वार्कांच्या बॅरिऑनाच्या वाट्यास शेकडा सहाच्या आसपास चार्म क्वार्क येत असत, 5.02 टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या प्रोटॉन-टकरींत तोच वाटा शेकडा वीसच्या घरात भरला. ही तफावत अनिश्चिततेच्या मर्यादेत सामावण्याजोगी नाही, आणि तिचे सर्वमान्य कारण अद्याप ठरलेले नाही. सबब, जुन्या प्रमाणांवर विसंबून केवळ मेसॉनांच्या संख्येवरून चार्मच्या एकूण उत्पत्तीचा केलेला हिशेब अपुराच भरतो. बॅरिऑनांची स्वतंत्र मोजदाद केल्यावाचून तो पुरा होत नाही.