धनादेश वाचणारे संशोधन
धनादेशावर हाताने लिहिलेली रक्कम यंत्राला वाचता यावी, हे प्रतिमा-प्रक्रिया शास्त्रापुढील एक आव्हान होते. पॅरिस येथे १९८७ मध्ये डॉक्टरेट मिळविलेले यान लेकून १९८८ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. अंकांच्या वळणाचे नियम संगणकाला न शिकविता, हजारो नमुन्यांवरून त्यानेच ते शोधावेत, अशी त्यांची पद्धत होती. १९९० च्या दशकात अमेरिकी बँकांत या तंत्राने धनादेश वाचले जाऊ लागले. तरीही पुढे अनेक वर्षे बहुतेक विद्वानांनी न्यूरल नेटवर्ककडे पाठ फिरविली. लेकून यांनी २००३ पासून न्यूयॉर्क विद्यापीठात तोच मार्ग निष्ठेने चोखाळला. २०१२ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी प्रतिमा ओळखण्याच्या स्पर्धेत याच पद्धतीने बाजी मारली. २०१८ चा ट्युरिंग पुरस्कार लेकून यांना जेफ्री हिंटन व योशुआ बेंजिओ यांच्यासह लाभला. विद्येतील गुंतवणूकही दीर्घ मुदतीचीच असते!