सूर्य सर्वांचा, पण गाडी कोणाची?

सूर्यप्रकाश फुकट आहे, मग त्यावर चालणारी मोटार रस्त्यावर का दिसत नाही, असा प्रश्न आमच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पडतो. पडलाच पाहिजे! उत्तर मात्र हिशेबात आहे.

भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट ऊन पडते. पॅनेल त्यातील २० टक्क्यांच्या आसपासच वीज करते. मोटारीवर ५ चौरस मीटर पॅनेल बसवले तरी हाती येतात १००० वॅट, म्हणजे जेमतेम १.३ अश्वशक्ती. विहिरीवरचा पंपही ३ किंवा ५ अश्वशक्तीचा असतो. शिवाय पॅनेल तापले की दर अंशामागे वीज ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. धूळ, झाडाची सावली आहेच. बॅटरी वाढवावी तर वजन वाढते.

१९८७ साली ऑस्ट्रेलियात डार्विन ते अ‍ॅडलेड ही सुमारे ३००० किलोमीटरची सौर शर्यत सुरू झाली. जनरल मोटर्सच्या सनरेसरने ती ताशी सुमारे ६७ किलोमीटर वेगाने जिंकली. पण ती एका माणसाची गाडी. कुटुंबाची मोटार करू गेलेल्या नेदरलँड्सच्या लाइटइयरने जानेवारी २०२३ मध्ये अडीच लाख युरोच्या मोटारीचे उत्पादन थांबवले. पुढच्याच महिन्यात जर्मनीच्या सोनो मोटर्सनेही निधीअभावी आपली मोटार सोडून दिली.

मग हा नाद सोडावा काय? मुळीच नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह धरला. यंत्र माणसाला फुरसत देते, दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, ही त्यांची भूमिका होती. त्या भूमिकेवरून आम्ही विचारतो, यंत्र आधी कोणासाठी?

दिवसभर पायडल मारणारा माणूस सरासरी ७५ वॅट शक्ती काढतो. भाजीच्या तीनचाकी सायकलवर सव्वा चौरस मीटर पॅनेल बसवले तर भर उन्हात सुमारे २५० वॅट मिळतात. तीन माणसांचे बळ! वेग कमी, वजन कमी, म्हणून साहेबाच्या मोटारीला न पुरणारे ऊन कष्टकऱ्याच्या गाडीला हातभार लावू शकते.

त्यासाठी हिशेब करणारा विद्यार्थी आणि वेल्डिंग करणारा आयटीआयचा पोरगा एका टेबलाशी बसला पाहिजे. जातिव्यवस्थेने डोके आणि हात वेगळे केले, कार्यशाळेने ते जोडावेत. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग विहाराशेजारच्या अशा कार्यशाळेला द्यायला आमची मंडळे तयार आहेत काय?